फेब्रुवारीत रोज पाऊस

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. नाशकातल्या मुलींच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे. माझी ख्याती मात्र शिकवण्याबद्दल नव्हती, जर्नलं फाडण्याबद्दल होती. उत्तर आधी पुस्तकात बघायचं आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंगं मागून बसवायची, हा आमच्याकडच्या प्रयोगशाळांचा जुना कुळाचार. लंबकाला बोटही न लावता मुली उत्तर दशांशापर्यंत बरोबर आणायच्या. मी म्हणायचे, "बायांनो, जे दिसलं ते लिहा. वेडंवाकडं दिसलं तर वेडंवाकडं लिहा. पण दिसलेलं लिहा." आणि पान टरकन फाडायचे. मुली माझ्या मागे मला काय म्हणायच्या ते मला पक्कं ठाऊक होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पुण्याहून एक मोहीम निघायची होती. लक्षद्वीपच्या पार टोकाला, जिथे माणसांची वस्तीच नाही अशा बेटांवर जायचं, तंबू ठोकायचे, आणि पावसाळ्याच्या आधी तिथली हवा कशी पालटते ते मोजत बसायचं. शास्त्रज्ञ त्यांच्याकडे होते. रोजची निरीक्षणं घ्यायला एक शिक्षक हवा होता, म्हणून मी अर्ज टाकला. माझी चाळिशी आली होती आणि तोवर मी समुद्र दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा कॉलेजची सहल सांभाळत होते, म्हणजे तोंड मुलींकडे आणि पाठ समुद्राकडे. मला एकदा तरी समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं होतं. लग्नानंतर इतकं जीव तोडून मला दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

गाळता गाळता दोघं उरलो, मी आणि सिन्नरच्या कॉलेजातले एक सर. जागा एकच. मोहिमेचे जे प्रमुख होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी कळवलं की दोघांच्या घरी उपकरणं पाठवतो, फेब्रुवारीभर रोज सकाळी साडेआठला आकडे घ्या आणि आठवड्याला एक पोस्टकार्ड टाका. न्यायचं कोणाला ते त्यावरून ठरवू.

थर्मामीटर आले. ते उन्हात उघडे ठेवायचे नसतात. त्यांना झडपांची पांढरी लाकडी पेटी लागते, चार पायांवर उभी असलेली, आणि ती आपापल्या सुताराकडून करून घ्यायची होती. आता आमचं घर पंचवटीत. तिथला सुतार जन्मभर काय करतो, तर देव्हारे. मी त्याला चित्र काढून दिलं, झडपा समजावल्या, सगळ्याला तो "हो ताई" म्हणाला. काही दिवसांनी पेटी घेऊन आला. काम सुबक होतं, झडपा अगदी सांगितल्या तशा होत्या, आणि वर एक छोटा कळस होता.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"त्याचे पैसे नको ताई. बोडकं बरं दिसत नव्हतं."

मी म्हटलं, उतरव. तो म्हणाला, बसवलेला कळस मी उतरवत नाही, माझी लेकरंबाळं आहेत. नवऱ्याला सांगितलं तर त्याला तेवढ्यात दुकान उघडायचं आठवलं. शेवटी मीच स्टुलावर चढले आणि भर गल्लीत करवतीनं तो कळस कापला. शेजारच्या काकू दोन्ही हात कानावर ठेवून आत पळाल्या. आमच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी खाली पडलेला कळस उचलला, पदरानं पुसला आणि देवघरात नेऊन ठेवला.

सासूबाई म्हणजे मोजून बोलणारं माणूस. मी सकाळच्या चहाला जेवढं बोलते तेवढं त्यांना महिनाभर पुरायचं. मोहिमेचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "समुद्रावर? तो कशाला?" मी मोसमी वारे, बाष्प, ढग असं अख्खं व्याख्यान दिलं. ऐकून म्हणाल्या, "पाऊस इथेही येतो की." झालं, मी त्यांना मनातल्या मनात विरोधी पक्षात बसवून टाकलं.

राहिलं पाऊस मोजायचं भांडं. वर नरसाळं, आत बाटली, आणि पाणी मोजायला काचेचं माप. ते भिंतीपासून, झाडापासून लांब, उघड्यावर ठेवायचं असतं. आमच्या वीतभर अंगणात तशी एकच जागा होती, फाटकाच्या आत, अगदी दारासमोर. पहिल्या सकाळी मी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली. "बघा, रिकामी. आता महिनाभर ही अशीच रिकामी राहणार." नवरा म्हणाला, शून्यच लिहायचं होतं तर सरकारनं एवढा खर्च कशाला केला. सासूबाई त्या उलट्या बाटलीकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या सकाळी बाटलीत पाणी होतं.

मी वर बघितलं. फेब्रुवारीतलं नाशिकचं आभाळ, ढगाचा ठिपका नाही. अंगण कोरडं खडखडीत. पाणी मापात ओतलं तर आठ मिलिमीटर भरलं. एवढा पाऊस पडला असता तर गल्लीत चिखल झाला असता. मी पुन्हा मोजलं, तेवढंच. मग वहीत लिहिलं: आठ मिलिमीटर, आभाळ स्वच्छ, कारण कळत नाही.

तिसऱ्या दिवशी तेच आणि चौथ्या दिवशीही तेच. आधी मला वाटलं दव असेल, पण एवढं दव पडायला आपण काय काश्मिरात राहतो? मग वाटलं वरची टाकी गळते, म्हणून प्लंबर बोलावला. त्यानं टाकी बघितली, पैसे घेतले आणि टाकी उत्तम आहे म्हणून गेला. मग संशय दूधवाल्यावर गेला, की हा कॅन विसळून पाणी ह्यात टाकतो. मी त्याला असा काही झाडला की दोन दिवस त्यानं दूधच घातलं नाही. पाणी मात्र येतच राहिलं. मी अंधारात उठून खिडकीशी बसले, बसल्या बसल्या डुलकी लागली, आणि जाग आली तोवर बाटली भरलेली.

"अगं, शून्य लिहून मोकळी हो," नवरा म्हणाला. "आभाळात काही नाही हे आंधळाही सांगेल. कोण येतंय बघायला?"

"बाटलीत पाणी आहे."

"पण पाऊस नाही ना पडला?"

"मी पाऊस पडला असं कुठे लिहिलंय? पाणी आहे असं लिहिलंय."

"हे असलं कार्ड पुण्याला गेलं तर तुला बेटावर नाही, येरवड्याला पाठवतील."

त्याचं खोटं नव्हतं, म्हणून मी जास्तच भडकले. सिन्नरच्या सरांचा मधे एकदा फोन आला. गोड माणूस. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे रोज शून्य. अगदी सुरेख चाललंय. तुमच्याकडे?" मी म्हटलं, आमच्याकडेही चाललंय. फोन ठेवला आणि त्या दिवशी कॉलेजात तीन जर्नलं जास्तीची फाडली.

त्यात ही बातमी दिंडोरीला पोचली. आमच्या ह्यांचं फवारणीच्या पंपांचं दुकान होतं आणि सगळी गिऱ्हाइकं द्राक्षवाली. माल तोडायला आलेला असताना पाऊस म्हणजे द्राक्षाला मरण. ह्यांनी गंमत म्हणून कोणाला तरी सांगितलं की बायकोच्या भांड्यात रोज पाऊस निघतोय. दुसऱ्या दिवशी एक बागाईतदार मोटारसायकलवरून थेट आमच्या फाटकाशी.

"मॅडम, खरं सांगा. लय घाबरलोय. तुमच्या यंत्रात पाऊस दिसतोय म्हणं."

"काका, काही पाऊस नाही. आभाळ बघा की."

"आभाळ आम्हालाबी दिसतंय. पण यंत्राला आमच्यापेक्षा आधी कळत आसंल ना." ते भांड्याभोवती दोनदा फिरले, वाकून आत बघितलं. "पाणी हाय का नाय ह्याच्यात?"

"आहे," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी मोटारसायकलला किक मारली. त्या आठवड्यात ह्यांच्या दुकानात पंपांचा एक नग शिल्लक राहिला नाही. हे रोज हसत घरी यायचे आणि मला म्हणायचे, चालू दे तुझं संशोधन. मी त्यांच्याशी तीन दिवस अबोला धरला. त्या अबोल्यात मला स्वतःलाच फार त्रास झाला.

दुसरं पोस्टकार्ड पोचल्यावर साहेबांचा फोन आला.

"मॅडम, नाशकात रोज पाऊस पडतोय?"

"नाही साहेब. पाऊस पडत नाहीये. भांड्यात पाणी असतंय."

"कुठून येतंय?"

"कळत नाही."

मग ते म्हणाले, "मी येतो."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडायचं कारण म्हणून कांदा चिरायला घेतला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना म्हटलं, "गेली माझी बेटं. ते भांडं माझ्या जन्माला पुरलं." त्यांनी निवडणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा निवडायला लागल्या.

साहेब संध्याकाळी नाशकात उतरून लॉजवर राहिले. सकाळी साडेआठला येतो असं कळवलं होतं, पण माणूस वैज्ञानिक, म्हणजे संशयी. उजाडायच्या आधीच येऊन आमच्या समोरच्या ओट्यावर शाल पांघरून बसले. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी आत कणीक मळत होते. बाहेर बोलण्याचा आवाज आला म्हणून तशाच हातांनी धावले. बघते तर फाटकात एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे, आणि भांड्याशी आमच्या सासूबाई, हातात पितळी फुलपात्र.

"आजी," ते गृहस्थ अगदी हळू म्हणाले, "हे काय करताय?"

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "पाणी घालतेय."

माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं आणि त्याच क्षणी तिडीक उठली. टाकी तपासली, दूधवाल्याला झाडलं, आणि हे आमच्याच घरातून? मागून दात घासत आलेला नवरा म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो ब्रश तोंडात ठेवून तसाच मागे फिरला.

"आई, रोज तुम्ही ओतत होता?" मी विचारलं. "मी एवढी वणवण करतेय ती दिसत नव्हती तुम्हाला?"

"दिसत होती," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो."

"कशाचा गुण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. साहेबांना सांगितलं, "सून लांब चाललीय. पाण्यावर चाललीय. घरातलं माणूस निघायचं असताना दारात रिकामं भांडं ठेवतं का कोणी? आणि ही ते रोज उलटं करून दाखवते." मग म्हणाल्या, "ह्याचे वडील कामासाठी लांब निघाले तेव्हा दुष्काळ होता. दारात ठेवायला फुलपात्रभर पाणी नव्हतं घरात. रिकामं भांडं बघून गेले ते."

माझे सासरे दुष्काळाच्या साली कामावर दरड कोसळून गेले, एवढं मला माहीत होतं. भांड्याचं माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. तो आतल्या दाराशी ब्रश हातात धरून उभा होता.

मग साहेबांनी सासूबाईंच्या हातातून फुलपात्र घेतलं, आमच्या नळाखाली काठोकाठ भरलं आणि माझ्या काचेच्या मापात ओतलं. आठ मिलिमीटर. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा बघितलं.

"मॅडम, काल मी येताना सिन्नरला उतरलो होतो," ते म्हणाले. "सरांनी वही दाखवली. फार देखणी वही. रोज शून्य, कुठे खाडाखोड नाही. आजचं शून्यही त्यांनी कालच लिहून ठेवलेलं होतं." ते ओट्यावर टेकले. "आपल्याला बेटावर काय दिसणार आहे ते मला माहीत नाही. माहीत असतं तर गेलोच नसतो. मला असा माणूस पाहिजे की जो न पडलेला पाऊससुद्धा निमूट मोजून लिहील."

"ती खोटं नाही लिहायची," सासूबाई म्हणाल्या. "तोंडानं फटकळ आहे. पण खोटी नाही."

एवढ्या वर्षांत त्या माझ्याबद्दल इतकं लांब पहिल्यांदाच बोलल्या. महिनाभर मी त्यांना विरोधी पक्षात धरलं होतं, आणि मी जाणार हे त्या घरात फक्त त्याच धरून चालल्या होत्या. मला हसू यावं की रडू ते कळेना. मी कणकेचे हात घेऊन चहा टाकायला गेले.

साहेब जाताना म्हणाले, "आजी, बेटावरच्या भांड्यात तेवढं काही घालू नका."

"मी कुठे येतेय तिथे?" सासूबाई म्हणाल्या.

मार्च-एप्रिल तयारीत गेले. पोहता येत नाही म्हणून मी तरणतलावावर गेले आणि तिथल्या शिक्षकाशी भांडून परत आले. सासूबाईंनी एवढे लाडू वळले की बेटावर गाव वसलं असतं. उपकरणांच्या पेट्या पुढे रवाना झाल्या, त्यात पावसाचं भांडंही गेलं. माझ्या हाती साहेबांनी एकच गोष्ट दिली होती, शुद्ध केलेल्या पाण्याचा कॅन. एका थर्मामीटरला ओलं फडकं बांधलेलं असतं, त्यावरून हवेतला दमटपणा कळतो. ते फडकं साध्या पाण्यानं भिजवलं तर क्षार बसतात आणि आकडा खोटा येतो. बेटावर असलं पाणी मिळणार नव्हतं. "थेंब थेंब जपा," साहेब म्हणाले होते. मी तो कॅन कपाटात कुलूपबंद ठेवला. नवऱ्यानं स्कूटरच्या बॅटरीत घालायला चमचाभर मागितलं, तर त्यावरून आमचं इतकं वाजलं की शेजारच्या काकू मधे पडायला आल्या.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या भागातली मोठी जलवाहिनी फुटली. होतं नव्हतं ते पाणी स्वयंपाकाला, माझ्या आंघोळीला आणि शेवटच्या चहाला गेलं. टँकर दुपारी येणार होता, माझी रिक्षा सकाळी दारात उभी राहिली. प्यायची बाटली स्टेशनवर घेऊ असं ठरलं होतं. मी नमस्काराला वाकायला गेले तर सासूबाई माठाशी उभ्या होत्या. माठ तिरका केलेला, आणि हातात तेच फुलपात्र, कोरडं. काकूंकडे विचारून झालं होतं, तिकडेही ठणठणाट.

"थांब," त्या म्हणाल्या. "टँकर येईपर्यंत थांब."

"गाडी चुकेल, आई."

"चुकू दे."

मी चिडणार होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आजही नाही. दरड पाण्याचं भांडं बघून कोसळत नाही हे मी कुठल्याही वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण त्यांचा चेहरा मी बघितला. मग पिशवी खाली ठेवली, कॅन काढला, झाकणाचं सील दातांनी तोडलं आणि ते फुलपात्र काठोकाठ भरलं. दाराशी नवरा म्हणाला, "अगं, चमचाभरावरून माझा जीव खाल्लास." पण त्याचा आवाज बरोबर नव्हता.

फुलपात्र मी अंगणात नेऊन ठेवलं, जिथे महिनाभर ते भांडं होतं तिथेच. सासूबाईंनी वाकून बघितलं. "चालेल ना हे?"

"ह्याच्यापेक्षा चांगलं पाणी अख्ख्या नाशकात नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

बेटावर साहेबांनी कॅन हातात घेऊन विचारलं, हा उणा कसा. मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी साठ्याच्या वहीत लिहिलं, एक फुलपात्र, नाशिक, निघताना. समुद्राकडे तोंड करून मी मनसोक्त उभी राहिले. पहिले बरेच दिवस पाऊस शून्य होता आणि मी रोज सकाळी शून्य लिहिलं, पण ते बघून मग लिहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मी घरी आले. फाटक उघडलं तर समोर फुलपात्र होतं, काठोकाठ भरलेलं. नवरा म्हणाला, "उन्हानं रोज आटायचं. आई रोज भरायची. लग्नालासुद्धा नाही गेली कोणाच्या."

सासूबाई बाहेर आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. उन्हानं रापलेली, सोललेलं नाक, पण धडधाकट होते. मग त्या वाकल्या, फुलपात्र उचललं, त्यातलं पाणी तुळशीत ओतलं आणि रिकामं भांडं माझ्या हातात दिलं.

"घासायला टाक," म्हणाल्या. "आणि हातपाय धू."